अकरावरून चोवीसवर जाण्यापूर्वी

पत्राचा सारांश: एका वाचक भगिनींकडे आठ वर्षे जुनी, मोठ्या आकाराची पेट्रोल गाडी आहे. तिचे कर्ज फिटलेले आहे आणि तिने आजवर कधी रस्त्यात अडवलेले नाही. मात्र सुरुवातीला लिटरमागे १४ किलोमीटर देणारी ही गाडी आता जेमतेम ११ देते. घरापासून कार्यालय १५ किलोमीटरवर आहे, आणि दोन वर्षांपूर्वी कार्यालय बदलल्यापासून त्यातला बराचसा रस्ता गर्दीचा असतो. वर्षाला एकूण सुमारे ९,००० किलोमीटर होतात. यजमानांची वेगळी छोटी गाडी १८ देते. त्यांचे कामाचे ठिकाण जवळ असल्याने ती वर्षाला ४,००० किलोमीटरच्या आसपासच चालते. धाकट्या दिरांनी नुकतीच हायब्रिड (पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असलेली) गाडी घेतली असून ते भेटले की म्हणतात, “वहिनी, तुम्ही दर महिन्याला पैसे जाळता आहात.” चांगली चालणारी गाडी विकू नये, असे यजमानांचे मत आहे. भगिनींनी पाहून ठेवलेल्या हायब्रिड गाडीचे अॅव्हरेज कंपनी २४ सांगते. जुनी गाडी विकून वर घालावी लागणारी रक्कम आजच्या दराने सुमारे ५,२०० लिटर पेट्रोलच्या किमतीइतकी होते. “पंपावर प्रत्येक वेळी अपराधी वाटते, पैशांसाठीही आणि हवेसाठीही. नवी गाडी आली की सुटीच्या दिवशी हिशेब न करता बाहेर पडता येईल,” असे त्या लिहितात. गाडी बदलावी की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही पत्रात किलोमीटर, लिटर आणि रकमा इतक्या नेमकेपणाने लिहिल्या आहेत की तुमच्या प्रश्नाला मोघम उत्तर देणे योग्य होणार नाही. म्हणून आधी हिशेबच करू. सारांशात तुमच्या रकमांचे लिटरमध्ये रूपांतर मी मुद्दाम केले आहे. पेट्रोलचा दर वरखाली होत राहतो आणि प्रत्येक वाचकाच्या गावी तो वेगळा असतो. लिटर मात्र सगळीकडे सारखाच असतो. गाडी बदलण्याचा विचार करणाऱ्या कोणालाही, लागणाऱ्या रकमेला आजच्या इंधनदराने भागून, ‘या पैशांत किती लिटर येतात’ हे काढता येईल. मग खर्च आणि बचत एकाच मापाने मोजता येतात.

अकरावरून चोवीसवर जायचे, म्हणजे अॅव्हरेज दुपटीहून अधिक होणार, असे तुम्ही लिहिता आणि ते खरेच आहे. परंतु पेट्रोल भरताना आपण किलोमीटर विकत घेत नाही, लिटर विकत घेतो. वर्षाच्या ९,००० किलोमीटरला ११ च्या हिशेबाने ८१८ लिटर लागतात आणि २४ च्या हिशेबाने ३७५. म्हणजे वर्षाकाठी ४४३ लिटर वाचतील. तुम्ही वर घालणार असलेल्या ५,२०० लिटरांना या ४४३ ने भागले, तर जवळजवळ बारा वर्षे येतात, आणि त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. दिरांचे म्हणणे चुकीचे आहे असे यावरून ठरत नाही, कारण त्यांची जुनी गाडी, त्यांचे अंतर आणि त्यांचा रस्ता हे सारे वेगळे असू शकते. मात्र त्यांचा निर्णय तुमच्या अंतरावर जसाच्या तसा लागू होत नाही, एवढे या एका भागाकारातून कळते.

‘लिटरला किती’ या मापाची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यातली गफलत लक्षात येत नाही. समजा, एक गाडी ८ देते आणि तिच्याजागी १० देणारी घेतली. दुसरीकडे २० देणाऱ्या गाडीच्या जागी ३० देणारी घेतली. ऐकताना दुसरी सुधारणा फार मोठी वाटते. प्रत्यक्षात १०,००० किलोमीटरमध्ये पहिल्या बदलाने २५० लिटर वाचतात आणि दुसऱ्याने केवळ १६७. ड्यूक विद्यापीठातील रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल या अभ्यासकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हीच चूक दाखवून दिली होती: इंधनाची बचत अॅव्हरेजच्या आकड्यातील वाढीच्या प्रमाणात होते, असे लोक गृहीत धरतात आणि कमी अॅव्हरेजच्या गाडीतील लहानशा सुधारणेचे मोल त्यांना कळत नाही. युरोपात गाड्यांचा इंधनखप ‘१०० किलोमीटरला किती लिटर’ असा सांगतात, त्यामुळे तिथे हा घोटाळा कमी होतो. तुमच्यासाठी याचा अर्थ असा, की तुमच्या जुन्या गाडीचे ११ चे १३ झाले तर वर्षाला १२६ लिटर वाचतील, आणि त्यासाठी कदाचित नवी गाडी लागणारही नाही.

म्हणूनच मला तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा आकडा २४ नव्हे, तर ११ वाटतो. जी गाडी १४ देत होती ती ११ वर का आली? गाडी जुनी झाली की अॅव्हरेज घटणारच, असे तुम्ही गृहीत धरलेले दिसते. नीट देखभाल झालेल्या गाडीचे अॅव्हरेज निव्वळ वयामुळे इतके घसरत नाही. काही घट नव्या रस्त्याची असेल, कारण कार्यालय बदलल्यापासून तुम्ही गर्दीतून जाता, आणि थांबत-सुटत चालणारी कोणतीही साधी पेट्रोल गाडी जास्त पेट्रोल पिते. उरलेली घट एखाद्या बिघाडाची असू शकते, आणि हे बिघाड गाडी बंद पाडत नाहीत, म्हणूनच वर्षानुवर्षे लक्षात येत नाहीत. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बिघडला, तर इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाऊ शकते. इंजिनाचे तापमान राखणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, उघडीच अडकली, तर इंजिन पुरेसे तापत नाही आणि हवेत मिसळणाऱ्या पेट्रोलचे प्रमाण जास्तच राहते. ब्रेक किंचित धरून राहिला, तर इंजिनाला सतत त्याच्याविरुद्ध ओढावे लागते. थोडे अंतर चालवून आल्यावर एखाद्या चाकाजवळ इतरांपेक्षा जास्त धग जाणवते का, हे हात न लावता पाहिले तरी संशय घेता येतो. टायरमध्ये हवा कमी असणे आणि चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असणे, ही तर रोजची कारणे. टपावर सामानाचे कॅरिअर बसवले असेल आणि ते वर्षभर तसेच राहिले असेल, तर तेही काढून ठेवा, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उलट एअर फिल्टर बदलून अॅव्हरेज वाढेल, अशी आशा मात्र धरू नका. आधुनिक इंजिनात जेवढी हवा येईल तेवढेच पेट्रोल सोडले जाते, त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने गाडीची उचल कमी होते, अॅव्हरेज फारसे बदलत नाही.

गॅरेजमध्ये ‘अॅव्हरेज वाढवून द्या’ असे मोघम सांगू नका. स्कॅनर लावून सेन्सरांचे आकडे आणि इंजिनाचे तापमान पाहा, चारही ब्रेक मोकळे फिरतात का ते तपासा आणि अलाइनमेंट करा, असे कागदावर लिहून द्या. त्याच्या आधी आणि नंतर टाकी ते टाकी मोजणी करा. टाकी भरताना नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबायचे, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा तसेच भरायचे. एका टाकीवर विश्वास ठेवू नये. तीन-चार टाक्यांचे एकूण किलोमीटर एकूण लिटरांनी भागावेत. गाडीच्या पडद्यावर दिसणारे अॅव्हरेज पुष्कळदा खऱ्यापेक्षा थोडे चढेच असते, आणि तुमचे ११ पडद्यावरचे आहेत की पंपावरचे, हे पत्रातून कळत नाही.

आता २४ विषयी. हा आकडा ठरावीक चाचणीत, ठरावीक तापमानाला, ठरावीक वेगाने मिळालेला असतो. युरोपात जुन्या चाचणीचे आकडे आणि प्रत्यक्षातला खप यांच्यातील तफावत दीड दशकात सुमारे एक दशांशावरून चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली होती, आणि २०१७ पासून तिथे अधिक कडक चाचणी लागू झाली. तुमच्या बाजूने सांगायचे तर गर्दीच्या रस्त्यावर हायब्रिड गाडी खरोखर चांगली कामगिरी करते. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी बरीचशी ऊर्जा ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलला इंजिन बंद ठेवते. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगाने जाताना हा लाभ बराच कमी होतो. तुमचा रस्ता पाहता मी २४ ऐवजी २० धरतो. ते तुम्हाला कमी वाटले, तर ती गाडी स्वतःच्या रोजच्या रस्त्यावर, रोजच्या वेळेला चालवून पाहण्याची परवानगी मागा. मोकळ्या रस्त्यावरची दहा मिनिटांची फेरी तुम्हाला यातले काहीच सांगणार नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट इतकी सहज आली आहे की ती बदलता येईल, हे तुमच्या मनात आलेले नसावे. ‘माझी गाडी’ आणि ‘त्यांची गाडी’ असे तुम्ही लिहिता. घरात १८ देणारी एक गाडी आधीपासून आहे, आणि ती वर्षाला फक्त ४,००० किलोमीटर चालते. ११ देणारी मात्र ९,००० किलोमीटर चालते. दोन्ही मिळून आज तुमच्या घरात वर्षाला १,०४० लिटर पेट्रोल लागते. कार्यालयाला छोटी गाडी तुम्ही नेली आणि मोठी यजमानांकडे राहिली, तर तेवढ्याच अंतराला ८६४ लिटर लागतील. काहीही विकत न घेता १७६ लिटर वाचले. त्यात जुन्या गाडीची दुरुस्ती होऊन ती १३ देऊ लागली, तर एकूण ८०८ लिटरवर येता. हा हिशेब थोडा उदार आहे, हेही सांगायला हवे. जवळच्या अंतरात इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे यजमानांच्या हाती मोठी गाडी कदाचित १३ ऐवजी ११ किंवा १२ च देईल, आणि छोटी गाडीही तुमच्या गर्दीत १८ वरून थोडी खाली येईल. तरीही बचत राहते, आणि ती पहिल्या आठवड्यापासून सुरू होते.

या अदलाबदलीनंतर नवी हायब्रिड किती वाचवील, ते पाहा. ती २० देते असे धरून तिला ४५० आणि यजमानांच्या गाडीला २२२ असे मिळून घराला ६७२ लिटर लागतील. म्हणजे ८०८ च्या तुलनेत वर्षाला १३६ लिटर कमी. ५,२०० लिटरांचा खर्च १३६ लिटरांच्या बचतीने भरून निघायला अडतीस वर्षे लागतील. ती प्रत्यक्षात २४ देऊ लागली असे मानले, तरी हा काळ पंचवीस वर्षांच्या जवळपास येतो. तेवढी वर्षे ती गाडी तुमच्याकडे राहणार नाही.

इथे कोणी रास्त आक्षेप घेईल की नव्या गाडीची सगळी किंमत पेट्रोलच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. जुनी गाडी कधीतरी बदलावीच लागेल, आणि नवी गाडी विकतानाही काही मोल येईल. हे मला मान्य आहे. म्हणून ‘नवी गाडी की जुनी’ यापेक्षा ‘आज की चार-पाच वर्षांनी’ असा प्रश्न विचारणे अधिक योग्य. तसा विचारला तरी उत्तराची दिशा फारशी बदलत नाही. नवी गाडी पहिल्या एक-दोन वर्षांत आपल्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा गमावते, तर आठ वर्षांच्या गाडीची किंमत आता संथपणे उतरते. चार वर्षे आधी बदलल्यास ती मोठी घसरण चार वर्षे आधी तुमच्या माथी येते, शिवाय हप्त्याचे व्याज येते, आणि बहुतेक ठिकाणी नव्या गाडीचा विमाही जास्त असतो. इंधनाचा खर्च दर आठवड्याला डोळ्यांसमोर येतो, म्हणून तो टोचतो. घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीतली ही घसरण, मात्र विकायच्या दिवसापर्यंत दिसतच नाही. यजमानांचे ‘चांगली चालणारी गाडी विकू नये’ हे म्हणणे तुम्हाला जुन्या वळणाचे वाटले असेल, पण तुमच्या आकड्यांपुरते ते बरोबर आहे.

हवेबद्दल तुम्हाला वाटणारी टोचणी मी फार मोलाची मानतो आणि तिला पैशांच्या हिशेबाखाली दडपण्याची माझी इच्छा नाही. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तुमच्या घराच्या १,०४० लिटरांतून वर्षाला जवळपास २.४ टन निघतो. अदलाबदल आणि दुरुस्ती यांतून त्यातला अर्ध्या टनाहून अधिक कमी होतो; त्यावर हायब्रिड घेतल्यास आणखी सुमारे ०.३ टन. परंतु गाडी कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच पोलाद, अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक, काच आणि बॅटरी बनवताना कार्बन सुटलेला असतो. मध्यम आकाराच्या गाडीसाठी तो ५ टनांच्या वर जातो. हा भार वर्षाला ०.३ टनाने फेडायचा, तर सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल. तुमची जुनी गाडी विकल्याने ती नाहीशी होणार नाही, ती दुसरे कोणीतरी चालवील, हेही ध्यानात घ्या. तिच्यामुळे त्याहून जुनी आणि धूर ओकणारी एखादी गाडी भंगारात गेली, तर हवेचा लाभ होईल. पण त्याची खात्री आपल्या हातात नसते. तुमच्या अपराधी भावनेला सर्वांत प्रामाणिक उत्तर सध्या तरी कमी लिटर जाळणे हेच आहे, आणि त्यातले पुष्कळसे घरातल्या घरात करता येते. गर्दीत समोरच्या गाडीपासून थोडे अंतर ठेवून, एकदम वेग न घेता आणि एकदम ब्रेक न मारता चालवल्याने जो फरक पडतो, तो बऱ्याच चालकांच्या बाबतीत दहा टक्क्यांहून अधिक असतो. लांब थांबायचे असेल तेव्हा इंजिन बंद करा. पुन्हा सुरू करण्यास लागणारे पेट्रोल साधारण दहा सेकंद उभ्याने चालू ठेवण्याइतकेच असते.

सुटीच्या दिवशी हिशेब न करता बाहेर पडता येईल, या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे, मात्र ती बचतीच्या विरुद्ध दिशेने ओढते. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ सालीच लिहून ठेवले होते की कोळसा कमी खाणारी वाफेची यंत्रे आल्याने कोळशाचा एकूण खप घटण्याऐवजी वाढतो, कारण यंत्र चालवणे स्वस्त झाले की ते जास्त ठिकाणी आणि जास्त वेळ चालवले जाते. गाड्यांच्या बाबतीत हा परिणाम सहसा इतका टोकाचा नसतो, तरी असतो. तुमचे वर्षाचे अंतर ९,००० वरून १३,००० वर गेले, तर २० देणारी गाडीही ६५० लिटर पिईल. दुरुस्त केलेली जुनी गाडी ९,००० किलोमीटरला ६९२ पिते. म्हणजे बचत जवळजवळ सगळी त्या सहलींत जाईल. सहली करू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. त्या हव्या असतील तर त्यांच्या पेट्रोलसाठी वर्षाला दोनशे-तीनशे लिटरांची रक्कम बाजूला काढा आणि मोकळ्या मनाने जा. पाच हजार दोनशे लिटरांची गाडी घेऊन त्या करण्यापेक्षा हे फार स्वस्त पडेल.

गाडी बदलणे योग्य ठरेल अशा परिस्थिती नक्कीच आहेत, आणि तुमच्यासारख्याच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी त्या सांगतो. ज्यांचे वर्षाचे अंतर ३०,००० किलोमीटरच्या घरात आहे, त्यांना १३ वरून २० वर गेल्याने वर्षाला ८०० हून अधिक लिटर वाचतात. तुमच्याइतकाच खर्च आला तरी तो साडेसहा वर्षांत निघतो आणि गाडी हातात उरते. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स किंवा इंजिन उघडावे लागणार असेल आणि त्याचा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याच्या पुढे जात असेल, तर तो खर्च नव्या गाडीकडे वळवणे रास्त आहे. सुरक्षिततेचे कारण मला इंधनापेक्षाही मोठे वाटते: जुन्या गाडीत पुरेशा एअरबॅग नसतील किंवा घसरताना गाडी सावरणारी स्थिरता प्रणाली नसेल आणि घरातली मुले रोज तिच्यातून जात असतील, तर अॅव्हरेजचा आधार न घेता त्याच कारणासाठी गाडी बदला. डिझेलकडे वळू पाहणाऱ्यांनी आपल्या फेऱ्या किती लांबीच्या आहेत ते पाहावे, कारण सततच्या छोट्या फेऱ्यांत डिझेल गाडीचा काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ होत नाही आणि तुंबतो. घरी चार्जिंगची सोय असलेल्यांनी विजेच्या गाडीचा हिशेब याच रीतीने, युनिटांची किंमत लिटरांत बदलून करावा. ज्यांना गाडी बदलायचीच आहे, त्यांनी दोन-तीन वर्षे वापरलेली कमी खपाची गाडीही पाहावी. पहिल्या वर्षांची मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते.

तुमच्या बाबतीत मी क्रम असा ठेवीन. या आठवड्यात यजमानांशी किल्ल्यांच्या अदलाबदलीविषयी बोला. मोठी गाडी त्यांना ठेवायला जड वाटेल, किंवा छोट्या गाडीत तुम्हाला सुरुवातीला अवघडल्यासारखे होईल. महिनाभर करून पाहा, एवढेच ठरवा. एरवी घरच्या सगळ्यांना घेऊन जायचे असेल, तेव्हा मोठी गाडी दाराशी आहेच. त्याच महिन्यात ती गॅरेजमध्ये तपासून घ्या आणि दोन्ही गाड्यांचे टाकी ते टाकी आकडे एका वहीत लिहा. तीन महिन्यांनी मोठी गाडी दुरुस्तीनंतरही यजमानांच्या हाती १० च्या खालीच राहिली, किंवा गॅरेजने इंजिनाचे मोठे काम सांगितले, तर हायब्रिडचा विचार पुन्हा करा. आणि त्या वेळी मोठ्या गाडीच्या जागी तिच्याएवढीच गाडी हवी का, हेही घरात विचारा. दिरांना सांगायचे असेल, तर वर्षाचे लिटर सांगा आणि त्यांचेही विचारा. ती वही तीन महिन्यांनी मला पाठवलीत, तर पुढचा हिशेब आपण तिच्यावरून करू.